दाराच्या जागी कपाट

परवा सकाळी उठले ती सरळ जाऊन फळीवर आदळले. अंधार नव्हता, झोपही डोळ्यांत नव्हती, पाय मात्र आपल्या जुन्या वाटेने निघाले होते. पलंगावरून उतरायचं, भिंतीला हात लावून गुडघ्यांची कुरकुर ऐकून घ्यायची, उजवीकडे वळून दार ढकलायचं की स्वयंपाकघर. या घरात आल्यापासून हेच. हात पुढे केला तो थाडकन लाकडावर बसला आणि मागोमाग कपाळ. पलीकडे काचेच्या आत बशा एकमेकींना लागून बारीक किणकिणल्या. तेवढ्याने सुनेचा आवाज आला, आई पडलात का म्हणून. मी म्हटलं, नाही, बशा जागेवर आहेत का बघत होते. कपाळाला टेंगूळ आलं. ते मी केस पुढे ओढून दिवसभर झाकलं. हे कपाट मीच मागून घेतलेलं आहे, आणि मागून घेतलेल्या वस्तूवर डोकं आपटलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं.

कपाट चांगलं झालंय. त्यात खोट काढायला जागा नाही, आणि मी खोट काढणारी बाई आहे. आमचं स्वयंपाकघर मोठं, जेवायचं टेबल त्यातच. टेबलाशी बसलं की समोर दिसतं: भिंतीत बसवलेली काचेची दारं, आत दिवा, दिव्याखाली माझी पांढरी भांडी, कडेला हिरवी पानं काढलेली. बशा तिरक्या टेकवलेल्या, कप आकड्यांना टांगलेले, आणि मधल्या फळीवर एकटीच ती मोठी लांबट बशी, आडवी. त्या जागी आधी माझ्या खोलीचं दार होतं. माझ्या खोलीला दोन दारं होती, एक बोळकांडीत उघडणारं आणि एक हे. आता एकच. टेबलाशी बसणाऱ्याला काच दिसते, मला पलंगावरून कपाटाची पाठ दिसते. नुसतं प्लायवूड, त्यावर सुताराच्या पेन्सिलीच्या रेघा आणि एका कोपऱ्यात त्याने लिहून ठेवलेला कुणाचा तरी फोन नंबर. मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात रंग देऊ. त्याचे पुढचे महिने मला ठाऊक आहेत. त्याच्या बापाचेही असेच असायचे.

भांडी माझ्या सासूची. ती एका घरी शिवणकामाला जायची, ती माणसं गाव सोडून गेली तेव्हा त्यांनी तिला हा सगळा सेट देऊन टाकला. सासू गेल्यावर वाटणी झाली. थोरल्या जावेने शिलाई मशीन घेतलं, लोखंडी पलंग घेतला, तांब्याचे हंडे घेतले, आणि ही टोपली पायाने माझ्याकडे सरकवली. म्हणाली, तुलाच शोभेल ग, तू नाजूक. मी नाजूक कधीच नव्हते. हंडा विकून चार दिवस निघतात, मशीनवर जन्म निघतो, बशा काय चाटायच्या? पण मी तिच्या तोंडावर हसले, म्हटलं शोभेलच, आणि टोपली कमरेवर घेऊन बाहेर पडले. त्या दिवसापासून ती भांडी भांडी राहिली नाहीत. जावेने मला उरलंसुरलं दिलं नव्हतं, मीच निवडून घेतलं होतं, हे जगाला दाखवायचं होतं. आणि दाखवायचं म्हणजे भिंत लागते. आमच्याकडे भिंत नव्हती. भाड्याच्या खोल्या, खिळा ठोकायचा तरी मालकाच्या बायकोची मनधरणी करा. सेट पेटीत, जुन्या लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून पलंगाखाली. वर्षातून एकदा मी तो बाहेर काढायची, कोमट पाण्याने धुवायची, पुसून पुन्हा निजवायची. हे दारात उभे राहून विचारायचे, पाहुणीची आंघोळ झाली का. लांबट बशीला ते पाहुणी म्हणायचे, आली ती गेलीच नाही म्हणून.

हे गोदामात वजनकाट्यावर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या गोण्या तोलायचे आणि घरी येऊन वितीने भिंती मोजायचे. इथे एवढं कपाट, इथे काच, आत दिवा. दिवा त्यांचीच हौस. खोली बदलली की आधी हे मोजमाप, मग सामान लावायचं. मी म्हणायची, हात कशाला दुखवून घेता, भिंत दुसऱ्याची आहे. पण ऐकत राहायची. ते हवेतलं कपाट मला इतकं पाठ झालं होतं की कधीकधी त्याच्यावरची धूळ पुसावीशी वाटायची. आत हात घालावा, पाहुणीला जरा डावीकडे सरकवावं, काच लावून मागे सरून बघावं. भांड्याला भांडं लागलं तर खऱ्यासारखं ऐकू यायचं मला. मग हे गेले आणि मोजणारा हात गेला, तरी कपाट हवेत राहिलंच. मुलाने हे घर घेतलं तेव्हा आम्ही रिकाम्या खोल्यांतून फिरलो, बोललेला शब्द परत येत होता, आणि तो म्हणाला, आई, आता भिंती आपल्या. मी म्हटलं, मग माझं कपाट. तो हसला. त्यानंतर नात झाली, तिला आम्ही भिंगरी म्हणतो कारण ती एका जागी ठरत नाही, मग तिची शाळा, मग सुनेची बदली होता होता राहिली, आणि कपाट मागे पडत गेलं. मी दर वर्षी पेटी काढून बशा धुताना जरा जास्तच आवाज करायची. यंदा सून म्हणाली, बास झालं, आईंचं कपाट करूनच टाकू. माझ्या आधी ती बोलली याचा मला रागच आला.

सुतार आला तो बोलतच आला. बडबड्या माणूस, हातापेक्षा तोंड जास्त चाले. भिंतींवर बोटाने टकटक करत फिरला, डॉक्टर छाती बघतो तसा. ही बाहेरची, हिला हात लावायचा नाही. हिच्यातून पाइप गेलाय. खिडकी आणि खांब यांच्या मधे एक कोनाडा होता, तिथे थांबून म्हणाला, हे घ्या, आयतंच आहे. टेप लावली. सगळं बसत होतं, फक्त लांबट बशी आडवी बसत नव्हती, बोटभर कमी पडत होतं. सुतार म्हणाला, उभी करा की, उभी काय वाईट दिसते. सून म्हणाली, खरंच आई, उभीही छान दिसेल. मी नाही म्हटलं. लांबट बशी उभी केली की ती शिक्षा केल्यासारखी दिसते. सासू शिवायला जायची त्या घरात ती आडवी होती, सासूच्या फळीवर ती आडवी होती, आणि माझ्या जावेने ती आडवी पाहिली होती. जाऊ कधीच वर गेली. तिच्या मशीनला कुठे तरी गंज चढत असेल. पण माझ्या डोक्यात ती अजून कमरेवर हात ठेवून उभी असते, आणि उभी केलेली बशी बघून ती काय म्हणेल ते मला ऐकू आलं. जागा पुरली नाही वाटतं. बस, एवढंच म्हणाली असती, आणि पान चावत राहिली असती.

मग मुलगा खाली बघून म्हणाला, आडवीच हवी तर एक जागा आहे, पण ती नको. कुठली, मी विचारलं. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दाराकडे. मला कळलं नाही असं नाही. तिथल्या तिथे कळलं. नको म्हणायला एक शब्द पुरतो, पण त्या शब्दापाठोपाठ सगळंच सांगावं लागलं असतं. की बोळकांडीने फिरून यायचं तर माझे गुडघे पोचू देत नाहीत. की या घरात माझं म्हणून आता सकाळचा गॅस पेटवण्याएवढंच उरलंय आणि ते त्या दारावर उभं आहे. हे सुतारासमोर म्हणायचं, टेप हातात धरून कंटाळलेल्या परक्या माणसासमोर.

'दारांचं काय,' मी म्हटलं, 'घरात पुष्कळ आहेत.'

सुनेने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तर हातावर हात ठेवून विचारलं, आई, नक्की ना, तुमची फार गैरसोय होईल. तिचा हात थंड होता, भांडी घासून आलेला. तो माझ्या हातावर असताना मला वाटलं की बोलावं. हिच्याजवळ बोललं तर काही बिघडणार नाही. पण तिच्या चेहऱ्यावर ती काळजी होती ना, आजाऱ्याला औषधाची वेळ सांगताना असते तशी, ती मला सोसली नाही. 'माझ्या सोयीची काळजी तू करू नकोस,' मी म्हटलं. 'मी तुझ्या आधीपासून चालते आहे.' तिने हात काढून घेतला. सुताराने कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या दाराच्या चौकटीवर फुली मारली.

दार काढलं तेव्हा मी बघितलं नाही, पण नेलं तेव्हा बघावं लागलं, कारण मी जिन्याच्या तोंडाशी हवा खात बसले होते. सुताराने ते पाठीवर उलटं घेतलं होतं आणि कडी लोंबत होती. खालच्या बाजूला रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं, हात भरलेले असले की मी पायाने ढकलायची तिथे. कधी गरम पातेलं, कधी नात. वळणावर ते कठड्याला लागलं, तो काही तरी पुटपुटला आणि खाली दिसेनासा झाला. कुणाच्या तरी गाईच्या गोठ्याला लावणार असेल, नाही तर फोडून जाळणार. मी विचारलं नाही. आत येऊन बघते तर माझ्या खोलीतून टेबल, गॅस, सिंक, खिडकी, सगळं एका भोकातून दिसत होतं. दार असताना कधी एवढं दिसलं नव्हतं. पुढचे काही दिवस भुसा आणि सरसाचा वास. भात खाल्ला तरी दाताखाली लाकूड. मी पलंगावर बसून बघत राहायची, ती चौकट खालून फळी फळीने भरत जायची, आधी टेबलाचे पाय गेले, मग टेबल गेलं, मग भिंगरीचं डोकं तेवढं हलताना दिसायचं, आणि शेवटी सुताराने पाठ ठोकली तेव्हा माझ्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागला.

भांडी मी स्वतः लावली, कुणाला हात लावू दिला नाही. लोकरीतून एकेक बशी काढून, कापडाने फिरवून पुसून. पाहुणीला मधे आडवी ठेवली. मुलाने बटण दाबलं, आत दिवा लागला. हिरव्या पानांवर पिवळा उजेड. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी त्या उजेडाकडे बघत होते. हे इथे असते तर काय म्हणाले असते ते मी आठवायला गेले तर मला त्यांचा आवाजच येईना. वीत तेवढी आठवते, अंगठा आणि करंगळी ताणलेली, नखांत गोणीची धूळ. आवाज येईना. हवेतलं कपाट गेलं होतं. ते इतकी वर्षं कुणाच्या वाटेत आलं नव्हतं.

आता सकाळचं. स्वयंपाक सुनेने हळूहळू केव्हाच आपल्याकडे घेतला, माझ्या हातून झाकणं निसटायला लागली तेव्हापासून. मी भांडले नाही. पण सकाळचा पहिला चहा माझा. कुणी डोळे उघडायच्या आत मी दार ढकलून आत गेलेली असायची, पातेलं चढलेलं असायचं, खिडकी उघडलेली. मग एकेक जण यायचा आणि विचारायचा. आई, दूध कुठंय. आजी, माझा डबा. आई, आज पाणी जाणार आहे का. मला कशातलं किती कळतं ते सोडा, विचारायचे मला. ज्याला विचारतात त्याचं घर. आता बोळकांडीने जायचं तर मुलाच्या खोलीवरून जावं लागतं, तिथली एक फरशी सुटलेली आहे, पाय पडला की खटकन वाजते. पहिल्या दिवशी सून धावत बाहेर आली, कशाला उठलात, काय हवंय. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवसापासून ती माझ्याही आधी उठायला लागली, मला एवढा फेरा पडू नये म्हणून. मी भिंत धरत धरत पोचते तेव्हा चहा टेबलावर असतो, वर बशी झाकलेली. दोष तरी काय देऊ? तिच्या जागी मी असते तर माझ्या सासूला मी असा चहा पाजला नसता.

एकदा मात्र ती अंघोळीला गेली होती आणि मी पोचले. स्वयंपाकघर रिकामं. माझा जीव एवढा हरखला की मी गुडघे विसरले. पातेलं घेतलं, पाणी ठेवलं, साखरेचा डबा उघडला तर त्यात डाळ. शेजारचा उघडला तर मीठ. कपाट बसवताना ओट्यावरची फळी हलवली होती, तेव्हा डबे खाली-वर झाले होते. मी एक एक झाकण उघडत गेले. पाणी उकळून उकळून अर्ध्यावर आलं. सून ओले केस घेऊन आली आणि दारात थांबली. ओट्यावर सगळे डबे उघडे, मधे मी. 'साखर कुठे ठेवतेस तू?' मी विचारलं. ठेवतेस तू. माझ्याच तोंडून गेलं. तिने वरचा डबा काढून दिला आणि मग बाकीची झाकणं लावायला लागली, हळूच, आवाज न करता, मी तिथे झोपलेली असावी तशी.

त्यानंतर मी ठरवलं की मुलाला सांगायचं. काढ ते. पाहुणी पुन्हा पलंगाखाली जाईल, इतकी वर्षं राहिली तशी राहील, मला माझं दार दे. हे वाक्य मी पडल्या पडल्या घोळवायची. कधी फार लांब व्हायचं, कधी भीक मागितल्यासारखं व्हायचं, मग मी ते पुन्हा कापायची. कापून कापून शेवटी 'काढ ते' एवढंच ठेवलं. रविवारी तो आपणहून आला, माझ्या पायाशी बसला, लहानपणी ताप आला की बसायचा तसा अंग चोरून. कपाटाच्या पाठीकडे बघत म्हणाला, 'बाबांना फार आवडलं असतं, नाही? मला सारखं वाटतं, त्यांचं एक तरी मी पुरं केलं.' त्याचे डोळे भरले होते. चाळिशी उलटलेला माणूस, डोक्यावर टक्कल, आणि खालचा ओठ त्याचा तसाच बाहेर आला होता. मी तोंड उघडलं. 'डावीकडची पट्टी वाकडी बसलीय,' मी म्हटलं. 'सुताराला बोलाव.' तो एकदम हसला, म्हणाला, तू काही बदलायची नाहीस, आणि जाऊन लगेच फोन लावला.

सुतार आला. पट्टी सरळच होती, त्यालाही ते दिसलं, पण मुलगा शेजारी उभा, म्हणून त्याने ती काढून पुन्हा बसवली. आणि आलोच आहे तर म्हणून चारी बाजूंनी आणखी लांब स्क्रू मारले, चौकटीतून पार भिंतीत. माझ्या बाजूला एक टोक बाहेर आलं तेवढं कानशीने घासून दिलं. 'आता घर पडेल, पण हे हलायचं नाही,' तो म्हणाला. मुलाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार.

हल्ली जेवण मला खोलीतच येतं. ठरलं असं काही नाही, गुडघे सुजले होते तेव्हा सुरू झालं ते राहिलं. भिंगरी ताट आणते, प्लास्टिकचं, तिच्या हातून पडलं तर फुटायला नको म्हणून. आणते, ठेवते आणि पळते. मी जेवते आणि पलीकडे ते जेवतात, मधे माझा सेट. प्लायला कान लावावा लागत नाही, सगळं ऐकू येतं. कुणी मोठ्याने हसलं की बशा हसतात. त्यांना मी ऐकते हे माहीत नाही असं नाही, विसरले आहेत. वाईट काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी तरातरा गेले असते. सून एकदा म्हणाली, आईंना आता बरं आहे, झोप तरी होते, आधी सारखी लुडबुड चालायची त्यांची. मुलगा हं म्हणाला. मग भिंगरीच्या शाळेची बस, मग कुणाचं तरी लग्न. मी घास हातात धरून वाट बघत होते, पुढे माझं काही निघतं का म्हणून. काही निघालं नाही. भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज आला, नळ सुटला, बंद झाला.

काल संध्याकाळी सुनेच्या कचेरीतली मोठी बाई नवऱ्याला घेऊन जेवायला आली होती. सून आधी माझ्याकडे आली, म्हणाली, आई, चला ना बाहेर, तुमचं कपाट तुम्हीच दाखवा. मी म्हटलं, माझं काय काम तुमच्यात. असं म्हणायचं असतं. पहिल्या हाकेला उठून जायची मला सवय नाही, दुसऱ्यांदा म्हणाली असती तर गेले असते. चांगले कपडे मी दुपारीच घातले होते, तिला दिसले नाहीत, मी पांघरूण ओढून बसले होते. ती म्हणाली, बरं, पडा तुम्ही, आणि दिवा बारीक करून, दार लोटून गेली. मग मी सगळं ऐकलं. खुर्च्या ओढल्या. बाईंचा आवाज घोगरा आणि गोड. कपाट बघून म्हणाल्या, अय्या, किती सुरेख, कुठून आणलंत. मुलगा सांगत होता, सेट आजीचा आहे, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईचा, आणि ही मोठी बशी, हिला आमचे वडील पाहुणी म्हणायचे. सगळे हसले. त्याने छान सांगितलं. मी असते तर मधेच तोडून जावेचं सांगितलं असतं आणि विचका केला असता. मी भिंतीशी सरकून बसले. बोटांनी प्लाय चाचपला, साधारण कुठल्या उंचीवर ती असेल ते. पलीकडे त्या बाईही बहुतेक काचेवर बोट ठेवून उभ्या असाव्यात, कारण आवाज अगदी माझ्या तोंडाशी आला.

'एवढं खोल कसं हो बसवलं? मागे खोली आहे का?'

प्रश्न मुलाला होता. मला त्याची अडचण कळत होती. खोली आहे म्हटलं की कुणाची ते सांगायला हवं, आई आहे म्हटलं की मग त्या का नाही आल्या, बरं नाही का, आपण जाऊन भेटू या, आणि मी इथे चांगले कपडे घालून अंधारात बसलेली. चमचे वाजले. माझा मुलगा म्हणाला, 'नाही, मागे भिंतच आहे.'

नेमका त्याच वेळी माझ्या घशात खोकला आला. आधी खवखवला, मग वर चढत निघाला. मी चादरीचा बोळा करून तोंडात धरला, दोन्ही हातांनी दाबला, वाकले, छाती हलत राहिली आणि डोळ्यांतून पाणी चादरीत गेलं. पलीकडे एक बशीसुद्धा हलली नाही. सून म्हणाली, चला, बसा ना, गार होतंय. खुर्च्या पुढे सरकल्या. चार माणसांत माझा मुलगा खोटा पडला नाही.